ढकल कुणाच्या घरात

थोरल्याने धाकट्याचं नाक फोडलं ते एका ओळीवरून. माणसं जमिनीवरून डोकी फोडतात, दारूवरून फोडतात. या दोघांनी प्रोग्राममधल्या एका ओळीसाठी टेबल उलटं केलं. बरं, ओळ चुकीची होती असंही नाही. ओळ हवीच, हे दोघांनाही मान्य होतं. ती लिहायची कुठे, एवढाच प्रश्न होता.

घरचा कारखाना होता, प्रेस बनवण्याचा. पत्रा ठोकणारी उभी यंत्रं. वरून माणसाच्या वजनाच्या दसपट लोखंडी ठोकळा खाली येतो, पत्र्याचं भांडं होतं आणि ठोकळा वर जातो. म्हाताऱ्याने, म्हणजे यांच्या बापाने, लोखंड उभं केलं. पोरांनी त्याला डोकं दिलं. त्या डोक्यात सगळ्यात तळाशी जो प्रोग्राम बसतो त्याला कर्नेल म्हणतात, आणि तो या दोघांनी स्वतः लिहिला होता. त्याचे दोन भाग होते, आणि कारखान्यात त्यांना घरंच म्हणत. ब्रेक, मोटर, तेलाचा पंप यांना हुकूम सोडणारे ड्रायव्हर सामाईक घरात. ते कुठल्याही चिपवर तसेच चालायला हवेत. ते घर थोरल्याचं. आणि ज्या त्या चिपच्या खोडी, तिचं उठणं-बसणं, ते चिपच्या घरात. जुन्या चिपचं घर कुणीच फारसं उघडत नसे. नवी चिप धाकट्याने आणली, तेव्हा तिचं घर धाकट्याचं.

थोरल्याच्या घराचा नियम एकच होता: इथे कुठल्याही चिपचं नाव घ्यायचं नाही.

नवी चिप वेगवान होती आणि सगळ्या वेगवान मंडळींसारखी स्वतःच्या मनाची होती. जुन्या चिपला सांगितलं की ब्रेक लाव, की ती लावायची. नवी चिप हुकूम घ्यायची, रांगेत ठेवायची आणि सवडीने पुढे पाठवायची. सवड म्हणजे डोळ्याची पापणी लवेल त्याहून कमी वेळ, पण खाली येणारा ठोकळा तेवढंही थांबत नाही. एकदा चाचणीत असाच हुकूम रांगेत अडकला आणि प्रेसने लाकडी हाताचा अंगठा उडवला. धाकट्याने तीन दिवस डोकं खाऊन उपाय काढला. ब्रेकचा हुकूम दिल्यावर चिपला आणखी एक ओळ ऐकवायची: रांगेतलं सगळं आत्ताच्या आत्ता ढकल. त्या ओळीचं नावच ‘ढकल’ पडलं.

लाकडी हाताची गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. म्हाताऱ्याच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. उरलेली दोन त्याच्या पहिल्याच प्रेसने घेतली. त्या दिवशी थोरला आठ वर्षांचा होता आणि दारात उभा होता. त्याने बाप ओरडताना पहिल्यांदा ऐकला, आणि त्यानंतर बापाने फक्त दुसऱ्यांना ओरडायला लावलं. जखम सुकल्यावर म्हाताऱ्याने सागवानाचा एक हात कोरला, पाचही बोटांचा. ताईने, म्हणजे या दोघांच्या बहिणीने, लहानपणी त्याच्या नखांना लाल रंग लावला होता, तो अजून थोडा टिकून होता. ब्रेकमध्ये काही बदल झाला की आधी तो हात ठोकळ्याखाली घालायचा. समोरच्या सेन्सरच्या अदृश्य किरणांच्या पडद्यात काही आडवं आलं की ठोकळा जागच्या जागी थांबला पाहिजे. लाकूड शाबूत राहिलं, तर मग खरा हात. कुणाचा? म्हाताऱ्याचा कायदा होता: ज्याच्या घरात बदल, त्याचा हात. "आपला हात घालायची छाती नसेल तर दुसऱ्याच्या पोराने का घालावा?" एवढं बोलून तो विषय मिटवायचा.

तेव्हा ढकल कुणाच्या घरात, याचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना पक्का ठाऊक होता. हात कुणाचा, हाच तो अर्थ.

"ब्रेकची गोष्ट ब्रेकपाशी पाहिजे, दादा," धाकटा म्हणाला. "तुझ्या ड्रायव्हरमध्ये. उद्या कुणी ब्रेकचा कोड वाचला तर त्याला दिसायला नको? माझ्या घरात कोपऱ्यात लिहिली तर कोण बघायला येणार?"

"माझ्या घरात तुझ्या चिपचं नाव येणार नाही," थोरला म्हणाला. "आज तुझी चिप, उद्या तिसरी, परवा चौथी. प्रत्येकीचं ‘ही असेल तर असं, ती असेल तर तसं’ मी लिहीत बसू? धर्मशाळा आहे का? तुझ्या चिपला खोड आहे ना, तुझ्या घरात बांध."

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच भांडण इतकं चिघळलं. एकजण चुकत असता तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. सकाळभर ते बोलले, मग ओरडले. मग धाकट्याने ते वाक्य काढलं जे त्याने काढायला नको होतं.

"तत्त्वबित्त्व काही नाही. तुला हात घालायची भीती वाटते."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल त्याने उलटं केलं की धाकट्याने, हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. पण ठोसा थोरल्याचा होता, आणि तो बरोबर मध्यावर बसला. धाकट्याच्या नाकातून रक्त उडालं ते स्क्रीनवर, कीबोर्डवर, थोरल्याच्या शर्टावर. धाकट्याने खुर्ची उचलली. ती काचेच्या भिंतीवर फुटली, काच तडकली आणि खाली कारखान्यात पेडलवर पाय ठेवून उभी असलेली ताई वर पळत आली. तिने दोघांच्या मध्ये शिरून दोघांनाही केसांना धरून वेगळं केलं. धाकट्याला ती डॉक्टरकडे घेऊन गेली. थोरला रक्ताळलेला शर्ट घालून तसाच कामाला बसला.

ठोसा इतका जोरात का बसला, हे थोरल्याला आतून माहीत होतं. धाकट्याचं वाक्य नेमकं वर्मावर लागलं होतं. जुन्या चिपवर थोरल्याने कितीदा तरी हात घातला होता, पण तिच्यावर त्याचा विश्वास होता. ही नवी बया रांगा लावते, तिच्यावर नव्हता. तत्त्व खोटं नव्हतं. फक्त त्याच्या मागे आठ वर्षांचा एक मुलगा दारात उभा होता, आणि तत्त्व व तो मुलगा यांना वेगळं करणं थोरल्याला कधी जमलं नाही.

राग निवला तसा त्याने तोडगा काढला, आणि तोडगा सुरेख होता. ब्रेकच्या ड्रायव्हरमध्ये, आपल्या घरात, त्याने फक्त एक हाक लिहिली: ढकल. कुठल्या चिपचं नाव नाही, गाव नाही. ज्या चिपला ढकलायची गरज असेल तिने आपल्या घरात ढकल लिहावी. तशी ती त्याने धाकट्याच्या घरात, वेगळ्या फाइलमध्ये, स्वतःच्या हाताने लिहून दिली. आणि जिला गरज नाही, त्या जुन्या चिपसाठी सामाईक घरात एक रिकामी ढकल ठेवली, आत काहीही नसलेली. चिपने स्वतःची दिली तर ती घ्यायची, नाही दिली तर ही रिकामी. कुणाला त्रास नाही, कुणाची तक्रार नाही. ओळ चिपच्या घरात गेली होती, आणि हातही तिकडेच गेला होता. थोरल्याने सही केली आणि शर्ट बदलला.

एक गोष्ट त्याने मुद्दाम केली नाही. धाकट्याच्या घरात नवी फाइल आली, की ती बिल्डमध्ये, म्हणजे ज्या फाइलींतून यंत्राचा प्रोग्राम बांधला जातो त्यांच्या यादीत, जोडावी लागते. नाहीतर फाइल नुसती पडून राहते, यंत्रात जात नाही. पण दुसऱ्याच्या बिल्डला हात लावायचा नाही, हे दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. थोरल्याने एकदा लावला होता तेव्हा धाकट्याने पाना फेकून मारला होता. भुवईवरची खूण अजून होती. तेव्हा फाइल लिहिली, जोडणं धाकट्यावर सोडलं. त्याला सांगायला हवं होतं. पण दोघांत अबोला सुरू झाला होता, आणि या घरातला अबोला म्हणजे अबोला. जेवताना मीठसुद्धा ताईमार्फत मागितलं जायचं.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला तो नाकात बोळे घालून, डोळ्यांखाली काळंनिळं होऊन. त्याने बदल पाहिला. ओळ त्याच्या घरात, भावाची सही, सगळं कसं नीटनेटकं. आपल्याला विचारलंदेखील नाही, हे त्याला नाकापेक्षा जास्त दुखलं. एवढं सगळं करणाऱ्याने फाइल जोडली नसेल असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याने बिल्ड केलं. ढकलची हाक होती, ढकल सापडली, भले रिकामी असो. बिल्डने हूं की चूं केलं नाही. थोरला गप्प, धाकटा गप्प, यंत्रही गप्प, अळीमिळी गुपचिळी.

"लाकूड घालते," ताई म्हणाली.

मंद वेगात लाकडी हात गेला. ठोकळा थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. मंद वेगात चिपला फारसं काम नसतं, रांग लागत नाही, तेव्हा थांबणारच. ताईने वेग वाढवायला हात केला तर धाकट्याने तिचा हात धरला.

"पुरे झालं. आता माझा."

"पूर्ण वेगात लाकूड घालायचं राहिलंय."

"दादासाहेबांची सही आहे ना? मग कशाला लाकूड वाया घालवतेस?"

ताईने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा नेहमीच्या स्टुलावर बसला होता, मांडीवर यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा घेऊन. तो पट्टा त्याने या पोरांच्या पाठीवर इतक्यांदा वापरला होता की दोघांनाही त्याची गाठ ओळखू यायची. म्हाताऱ्याने मान हलवली. छाती दाखवणाऱ्याला अडवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. धाकट्याने बाही वर केली. पंप सुरू झाला, पत्रा सरकवणारा पट्टा सुरू झाला, प्रेस पूर्ण वेगाने धडधडू लागला.

वर, तडकलेल्या काचेमागे, थोरला आपलं काम बघत बसला होता. नीटनेटकं काम केलेल्या माणसाला ते पुन्हा पुन्हा बघायचा मोह होतो. त्याने दोन्ही चिपांचे तयार प्रोग्राम उघडले आणि ढकल केवढी झाली ते पाहिलं. जुन्या चिपवर ती रिकामी असणार होती, तशी ती होती. नवीवर तिच्यात एक ओळ असायला हवी होती. दोन्हीकडे माप एकच होतं.

त्याने पुन्हा पाहिलं. मग ती फाइल बिल्डमध्ये कुठे आहे ते पाहिलं, आणि ती कुठेच नव्हती. काचेतून खाली पाहिलं तर धाकटा बाही वर करून प्रेससमोर उभा होता.

तो ओरडला. प्रेसच्या आवाजात स्वतःचं ओरडणं त्यालाही ऐकू आलं नाही. तो जिन्याकडे धावला, शेवटच्या पायऱ्या त्याने उडी मारूनच घेतल्या, गुडघ्यावर आपटला, उठला. लाल बटण समोर होतं, पण लाल बटण मोटर बंद करतं. गरगरणारं जड चाक ब्रेकशिवाय थांबत नाही, आणि ब्रेक तर या दोघांनी मिळून निकामी करून ठेवला होता. धाकट्याचा हात पडद्यापाशी पोचला होता. बाकावर लाकडी हात पडला होता. थोरल्याने तो मनगटाशी धरला, डोक्यावर उचलला आणि सगळी ताकद लावून धाकट्याच्या हातावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज मात्र त्या गोंगाटातही ऐकू आला. धाकटा बाजूला कोसळला. थोरल्याच्या हातातून लाकूड निसटलं, पडद्यातून आत गेलं आणि ठोकळा आला. तो थांबला नाही, थबकलासुद्धा नाही. लाकूड फुटलं तसं एक लाल नखाचं बोट उडून ताईच्या पायाशी पडलं.

धाकट्याने यातलं काही पाहिलं नाही. त्याला एवढंच कळलं की भावाने मागून येऊन हात मोडला. तो डाव्या हाताने उठला आणि थोरल्याच्या जबड्यावर एक बसवली. थोरला पडला. धाकटा त्याच्या छातीवर बसून मारत राहिला, एकाच हाताने, नाकातले बोळे गळून पुन्हा रक्त वाहायला लागलं तरी मारत राहिला. थोरला सांगायचा प्रयत्न करत होता, पण दात आणि रक्त यांतून शब्द निघत नव्हते. मग पाठीवर पट्टा बसला. आधी धाकट्याच्या, मग लोळताना वर आलेल्या थोरल्याच्या, मग कुणाच्या ते म्हाताऱ्यानेही पाहिलं नाही. चाक हळूहळू थांबलं, आवाज कमी झाला, आणि ताईचा आवाज ऐकू आला.

"बाबा, पुरे. इकडे बघा."

तिच्या तळहातावर ते लाकडी बोट होतं. म्हातारा बघत राहिला. धाकट्याने मान वळवली आणि ठोकळ्याखालचा भुसा पाहिला. मग त्याने आपल्या मोडलेल्या, पण हातालाच असलेल्या मनगटाकडे पाहिलं, आणि तो थोरल्याच्या अंगावरून बाजूला झाला.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा धाकट्याला पाहिलं आणि ताईला बाजूला घेऊन विचारलं, "हे नक्की करतात काय?"

"सॉफ्टवेअर," ताई म्हणाली.

प्लास्टर घालून धाकटा परत आला तेव्हा म्हातारा स्टुलावर नव्हता. तो उभा होता. थोरला बाकावर बसला होता, सुजलेला ओठ घेऊन.

"चूक कुणाच्या घरातली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझ्या," धाकटा म्हणाला. "फाइल मी जोडायची होती. जोडली नाही."

म्हाताऱ्याने थोरल्याकडे पाहिलंही नाही. कायदा म्हणजे कायदा. तो धाकट्याच्या धड असलेल्या डाव्या हाताकडे बघत होता. तेव्हा थोरला बोलला, आणि बोलताना त्याला ओठापेक्षा जास्त काहीतरी दुखत होतं.

"त्याच्या घरातली नाही, बाबा. रिकामी ढकल माझ्या घरात आहे. ती नसती तर बिल्डने बोंब मारली असती, ढकल सापडत नाही म्हणून. मी आधीच रिकामी ठेवून दिली. कुणी काही विचारू नये म्हणून."

"का ठेवलीस?"

"छोट्या म्हणाला ते खरं आहे. मला भीती वाटते. ओळ माझ्या घरात नको होती, म्हणजे हातही नको होता. सगळं त्याच्याकडे लोटलं आणि वर सही केली."

म्हाताऱ्याने पट्टा हातात घेतला होता, तो त्याने बाकावर ठेवला. आपल्या तीन बोटांनी त्याने कपाळ चोळलं.

थोरला वर गेला. मागोमाग धाकटाही गेला आणि त्याच्या खुर्चीमागे उभा राहिला. थोरल्याने सामाईक घरातली रिकामी ढकल पुसून टाकली. मग बिल्ड केलं, आणि बिल्डने दोन्ही चिपांच्या नावाने शंख केला: ढकल नाही, ढकल नाही. थोरल्याला तो आवाज बरा वाटला. जुन्या चिपच्या घरात जाऊन त्याने तिची ढकल लिहिली, तीही रिकामीच, पण तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या नावाने. गरज नसेल तर तसं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. यापुढे कुठलीही चिप आली तरी गप्प राहून सुटणार नव्हती.

नवीच्या घरापाशी येऊन तो थांबला.

"तुझ्या बिल्डला हात लावू का?"

"लाव," धाकटा म्हणाला. नाकामुळे आवाज घोगरा आला होता. "एका हाताने मला टाईप होतंय कुठे."

"नाकाचं..."

"राहू दे. नंतर बोल."

लाकडी हात आता नव्हता. ताईने झाडूचा दांडा आणला. या वेळी मंद वेगात घातला, पूर्ण वेगात घातला, पंप चालू ठेवून, बंद ठेवून, दुपार सरेपर्यंत घातला. दांड्यावर ओरखडा उठला नाही. मग ती थांबली आणि तिने दोघांकडे पाहिलं.

थोरला पुढे झाला. त्याच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि त्यावर घाम झोंबत होता. दारात कुणीही उभं नव्हतं, तरी त्याला दिसत होतं की तो मुलगा तिथे आहे आणि बघतो आहे. त्याने बाही वर केली.

"थांब," धाकटा म्हणाला.

"आता काय?"

"हाक तुझ्या घरात आहे. उत्तर माझ्या घरात. मग बदल कुणाच्या घरात झाला?"

वाद घालायचाच म्हटला तर घालता आला असता, आणि या घरात तो घातला गेलाच असता. पण धाकट्याने प्लास्टरमधला हात छातीशी धरला आणि डाव्या हाताची बाही दातांनी वर ओढली. दोघे प्रेससमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एक उजवा हात, एक डावा. म्हाताऱ्याने तोंड दुसरीकडे केलं. इतक्या वर्षांत त्याने ते कधी केलं नव्हतं.

ताईने पेडल दाबलं. ठोकळा आला, आणि दोन हातांच्या वर, वीतभर अंतरावर, थांबला. जागच्या जागी.

काढावा का हात, असं थोरल्याने मनात म्हटलं, पण धाकट्याचा अजून तिथेच होता. धाकटाही त्याच्याकडे तिरक्या डोळ्याने बघत होता आणि काढत नव्हता. भीती कुणाला जास्त वाटते हे ठरायचंच होतं म्हणा ना. बराच वेळ गेला. शेवटी ताईने मागून येऊन दोघांच्या पाठीत एकेक सणसणीत धपाटा घातला, थोरल्याच्या नेमका वळांवर, तेव्हा कुठे हात बाहेर आले.